चित्रफितीत दडलेले पत्र

२०२२ सालच्या प्रायश्चित्तकाळातील गोष्ट. शुक्रवारची क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपून लोक घरोघर गेले होते. ख्रिस्तमंदिराची दारे लावून आम्ही निवासाकडे वळलो, तो ओट्यावर एक तरुण बसलेला दिसला. खांद्याला लॅपटॉपची पिशवी. आमच्याच धर्मग्रामातला, एके काळचा वेदीसेवक, आता संगणकाच्या क्षेत्रात नोकरीला. प्रायश्चित्त-संस्कारासाठी थांबला असेल असे वाटून आम्ही तसे विचारले. तो म्हणाला, "नाही फादर, कन्फेशन नाही. एक प्रश्न विचारायचा आहे. पण आधी तुम्हाला एक व्हिडिओ दाखवायचा आहे."

येथेच एक खुलासा करून ठेवतो. पुढे जे लिहिणार आहोत त्यातले अक्षरही प्रायश्चित्त-संस्कारात ऐकलेले नाही. ज्या कुटुंबाची ही हकीकत आहे त्याने ती लिहिण्यास संमती दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील आम्ही गाळले आहेत.

त्याने दाखवलेली चित्रफीत आमच्याच चर्चमधील होती. त्याच्या एका चुलत भावंडाचा प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा. पांढऱ्या पोशाखातली मुले, हातात मेणबत्त्या, एका मुलीचा गजरा सुटून कानावर आलेला. दहा मिनिटांची ती फीत संपताच त्याने दुसरी लावली. तीच मुले, त्याच मेणबत्त्या, तोच सुटलेला गजरा. "यातला फरक सांगा, फादर," तो म्हणाला. आम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिले. वेदीवरची फुले पाहिली, मुलांचे चेहरे पाहिले, आमची स्वतःची काहीशी वाढलेली ढेरीही पाहिली. फरक काही सापडला नाही. मग त्याने दुसऱ्या फितीवर एक प्रोग्राम चालवला, परवलीचा शब्द टाकला, आणि पडद्यावर दोन ओळी उमटल्या. आम्हाला येणाऱ्या सणाच्या शुभेच्छा होत्या. त्या ओळी, तो म्हणाला, मघापासून आमच्या डोळ्यांसमोरून जात होत्या. मुलांच्या पांढऱ्या कपड्यांत, भिंतीच्या सावलीत, मेणबत्तीच्या धुरात.

आम्हाला गंमत वाटली. त्याला गंमत वाटत नव्हती हे थोड्या वेळाने ध्यानात आले.

त्याची थोरली बहीण २०२० साली घर सोडून गेली होती. तिने समाजाबाहेरच्या मुलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला होता आणि ती पुण्यास राहत होती. वडिलांनी नाव टाकले. पुढच्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा इस्पितळातल्या खाटेवर त्यांनी या मुलाचा हात हातात घेऊन वचन घेतले: तिला फोन करायचा नाही, पत्र लिहायचे नाही. मुलाने वचन दिले. अशा वेळी कोण देणार नाही? मात्र मुलांची मावशी अधूनमधून पुण्याला जाई व घरच्या सणासमारंभांच्या चित्रफिती भाचीला नेऊन देई. वडिलांना हे ठाऊक होते. त्यांनी त्यास हरकत घेतली नाही, होकारही दिला नाही. ते फक्त दुसरीकडे पाहत.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला या तरुणाने जो प्रकल्प केला होता त्याचा विषयच हा होता: दाबून लहान केलेल्या चित्रफितीत गुप्त मजकूर दडवणे. त्याचा अहवाल टंकलिखित करून देणारी होती त्याची ताई. प्रोग्राम तिच्याजवळ होता, परवलीचा शब्द तिला माहीत होता. जानेवारी २०२२ मध्ये मावशी पेनड्राइव्ह घेऊन निघाली, तेव्हा नाताळच्या चित्रफितीत त्याने पहिले पत्र दडवले. मावशीला काही सांगितले नाही, कारण मावशीच्या पोटात काही राहत नाही अशी तिची ख्याती.

"फादर, मी फोन केला नाही. कागदावर पत्र लिहिलं नाही. व्हिडिओ पाठवायला बाबांची मनाई नव्हती. मी शब्द मोडला का?"

आम्ही म्हणालो, "विचार करून सांगतो." हे उत्तर सेमिनरीत शिकवीत नाहीत, पण धर्मग्रामात आल्यावर सर्वप्रथम हेच शिकावे लागते.

विचार करायचा तर आधी ती वस्तू समजायला हवी. त्या तरुणाकडून आम्ही दोनतीन संध्याकाळी शिकवणी घेतली. चित्रफीत म्हणजे एका सेकंदात पंचवीस स्थिर चित्रे. प्रत्येक चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट. हे सारे जसेच्या तसे साठवायचे तर एका सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट आणि दहा मिनिटांच्या सोहळ्याला ९३ गिगाबाइट लागतील. इतका भार कोणाच्या मोबाईलला पेलणार? म्हणून चित्र दाबावे लागते, आणि दाबताना संगणक आपल्या डोळ्यांच्या उणिवांचा फायदा घेतो.

मिस्सा चालू असताना वेदी हलत नाही, भिंत हलत नाही. धर्मगुरूचा हात हलतो. मग भिंत पंचवीस वेळा कशाला लिहायची? एक चित्र पूर्ण लिहावयाचे आणि पुढच्या चित्रांसाठी एवढेच नोंदवायचे की, अमुक चौकोन इतके ठिपके उजवीकडे सरकला, तमुक चौकोन तेवढा खाली आला. ही झाली पहिली काटकसर. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. चित्राचा लहानसा चौकोन घेऊन त्यातील उजेड-अंधाराची विभागणी लाटांमध्ये करतात: काही लाटा मोठ्या व संथ, काही अगदी बारीक तरंग. प्रत्येक लाटेला एक आकडा. बारीक तरंगांतला थोडाफार फरक मानवी डोळ्याला जाणवत नाही, म्हणून त्यांचे आकडे वाणी सुटे पैसे सोडून देतो तसे ढोबळ करून टाकतात. पुष्कळसे शून्यच होतात, आणि शून्ये साठवायला जागा लागत नाही.

या लाटांच्या गणिताचा उगम आपल्या देशात जन्मलेल्या माणसाकडे जातो, हे कळल्यावर आम्हाला आनंद झाला. बंगळुरात १९४० साली जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत प्राध्यापक होते. १९७२ साली त्यांनी या कल्पनेसाठी सरकारी विज्ञान संस्थेकडे अनुदान मागितले, तर परीक्षकाला कल्पना फारच साधी वाटली व अनुदान मिळाले नाही. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आपण लग्नाची, सणाची, अंत्यविधीची जी चित्रफीत पाहतो ती बहुधा त्या गणिताच्या किंवा त्याच्याच वंशातल्या गणिताच्या चाळणीतून आलेली असते.

आता पत्र कोठे दडते? त्या ढोबळ केलेल्या आकड्यांत. संगणकाची भाषा शून्य आणि एक यांची. आकडा सम असला तर शून्य समजायचे, विषम असला तर एक. जेथे हवा तेथे आकडा एकाने वाढवायचा किंवा घटवायचा. चौकोन किती सरकला त्या नोंदींतही हीच सम-विषमाची युक्ती करता येते. देवनागरीच्या एकेका चिन्हाला संगणकात सहसा तीन बाइट लागतात, म्हणजे चोवीस बिटे. हजार चिन्हांचे पत्र म्हणजे चोवीस हजार बिटे. दहा मिनिटांच्या फितीत पंधरा हजार चित्रे असतात. तेव्हा दर चित्रामागे दोन बिटेसुद्धा वाट्याला येत नाहीत. कोणत्या चित्रातील कोणता चौकोन निवडायचा ते परवलीच्या शब्दावरून ठरते, आणि पत्र आधी गुप्तलिपीत बदलूनच पेरले जाते. सावधगिरी एवढीच की, एका चित्रात केलेला बदल त्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या चित्रांत वाहत जातो आणि नवे पूर्ण चित्र येईपर्यंत साचत राहतो. फार हावरेपणा केला तर भिंतीवर डाग दिसू लागतात. प्रभूच्या दाखल्यातील स्त्रीने तीन मापे पिठात खमीर दडवले ते सारे पीठ फुगावे म्हणून. येथे पीठ तसूभरही फुगता कामा नये.

गुप्तलिपी आणि ही विद्या यांत फरक आहे. गुप्तलिपीतले पत्र म्हणजे कुलूप लावलेली पेटी. उघडता आली नाही तरी पेटी आहे हे दिसते. येथे पेटीच दिसत नाही. या विद्येचे पाश्चात्त्य नाव 'स्टेगानोग्राफी', ग्रीक मुळापासून बनलेले, 'झाकलेले लेखन' अशा अर्थाचे. ते नाव ऐकताच आम्हाला सेमिनरीतल्या चर्च-इतिहासाच्या तासाची आठवण झाली. कारण हा शब्द रूढ करणारा गृहस्थ संगणकतज्ज्ञ नव्हता, मठाधिपती होता.

योहान्नेस त्रिथेमियुस हे त्याचे नाव. १४६२ साली मोझेल नदीकाठच्या त्रिटेनहाइम गावी जन्म. १४८२ च्या हिवाळ्यात घरी जात असताना हिमवादळ सुरू झाले म्हणून तो स्पॉनहाइमच्या बेनेडिक्टाईन मठात आश्रयाला थांबला आणि तेथेच राहिला. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या मठाने त्याला मठाधिपती निवडले. मठ दरिद्री होता. त्याने शिस्त लावली, ग्रंथ जमवले. सुमारे दोन हजार ग्रंथांचे ते ग्रंथालय पाहायला दूरदूरचे विद्वान येत. १४९९ च्या सुमारास त्याने गेंट येथील एका कार्मेलाईट मित्राला पत्र लिहून कळवले की, आपण एक अद्भुत ग्रंथ लिहीत आहोत. त्यातील युक्तीने कोणालाही शंका न येता दूरच्या माणसाला मनातले कळवता येईल. पत्र पोचण्यापूर्वीच मित्राचे निधन झाले होते. मठातील इतरांनी ते उघडले, वाचले, त्याच्या नकला फिरल्या, आणि मठाधिपती भुतेखेते वश करतो अशी वार्ता युरोपभर झाली. गुप्त लेखनावरील ग्रंथाची वार्ता भलत्याच्या हाती पडलेल्या उघड्या पत्राने फुटावी, याला काय म्हणावे!

दोष सर्वस्वी लोकांचा होता असे मात्र आम्हाला म्हणवत नाही. 'स्टेगानोग्राफिया' हा ग्रंथ वरून पाहिला तर खरोखरच मंत्रतंत्राचा वाटतो. आत्म्यांची नावे, त्यांना बोलावण्याचे विचित्र मंत्र. पण त्यातील एक मंत्र घ्या, एकाआड एक शब्द सोडा, उरलेल्या शब्दांतले एकाआड एक अक्षर उचला, की साधे लॅटिन वाक्य हाती येते. म्हणजे मंत्र हे झाकण. त्याने आपले रहस्य अशा वस्तूखाली लपवले की, झाकणाचीच लोकांना रहस्यापेक्षा अधिक भीती वाटली. १५०६ पर्यंत त्याला स्पॉनहाइम सोडावे लागले होते, आणि १५१६ साली व्युर्त्सबुर्ग येथे तो वारला. ग्रंथ १६०६ साली छापला गेला, १६०९ साली आपल्या पवित्र ख्रिस्तसभेने तो निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला, आणि तो त्या यादीतून निघायला १९०० साल उजाडले. तिसऱ्या भागाचे कोडे तर १९९० च्या दशकात दोन संशोधकांनी, एकमेकांस ठाऊक नसता, सोडवले. आत होते काय? एका संदेशाचा आशय एवढाच की, पत्र घेऊन येणारा इसम लबाड आणि चोर आहे, त्याच्यापासून जपून राहा. शंभर वर्षे नव्हे, जवळजवळ पाचशे वर्षे ज्याला लोक भ्यायले ते हे!

त्याचा दुसरा ग्रंथ 'पोलिग्राफिया' आम्हाला अधिक आवडतो. त्यात प्रत्येक अक्षराऐवजी एकेक भक्तिपर लॅटिन शब्द योजला आहे, त्यामुळे गुप्त निरोप वाचणाऱ्यास प्रार्थनेसारखा दिसतो. मठातील माणसाला शोभेल असे ते झाकण आहे. आणि आमच्या तरुणानेही नेमके तेच केले होते. त्याने निरोप प्रथम ख्रिस्तप्रसादात दडवला होता. हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो ओशाळला. हे त्याच्या ध्यानी आले नव्हते.

आणखी एक धर्मगुरू या वेळी आठवला. फादर जॉन जेरार्ड, येशूसंघीय. इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरू असणे हाच देहदंडाचा अपराध होता त्या काळातले. १५९७ साली लंडनच्या टॉवरमध्ये त्यांना मनगटांनी टांगून छळले. त्यांनी सहकाऱ्यांची नावे दिली नाहीत. हात बरे होऊ लागल्यावर त्यांनी पहारेकऱ्याकडे संत्री मागितली. सालींचे लहान क्रूस कापून जपमाळा ओवल्या आणि त्या कागदात गुंडाळून मित्रांना पाठवण्याची परवानगी मिळवली. कागदावर कोळशाने चार आध्यात्मिक ओळी लिहीत, आणि मोकळ्या जागेत संत्र्याच्या रसाने खरे पत्र. कागद शेकला की रस तपकिरी होऊन अक्षरे दिसतात. लिंबाचा रस का नाही, याचे कारणही त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. लिंबाचे लेखन पाण्यानेही वाचता येते आणि वाळल्यावर पुन्हा नाहीसे होते; संत्र्याचे एकदा दिसले की दिसलेलेच राहते. म्हणजे मध्येच कोणी पत्र वाचले असेल तर घेणाऱ्याला कळते. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या एका रात्री ते खंदकावरून दोराने उतरून निसटले. हात तेव्हाही पुरते बरे नव्हते.

ही विद्या साधुसंतांच्याच हाती राहिली आहे असे वाचकांनी समजू नये. २०११ साली बर्लिन येथे पकडलेल्या एका संशयिताच्या मेमरी कार्डात अश्लील चित्रफीत सापडली, आणि तिच्या पोटात अल्-कायदाचे शंभराहून अधिक दस्तऐवज निघाले. सुरी भाजी चिरते आणि गळाही चिरते. त्यावर आम्ही अधिक लिहीत नाही.

आमच्या तरुणाचा प्रश्न मात्र तसाच उभा होता. लपवणे आणि खोटे बोलणे एक नव्हे, हे ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट सांगते. ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही त्याला ते सांगण्यास कोणी बांधील नाही, असा कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथाचा आशय आहे. आम्ही धर्मगुरू तर लपवूनच जगतो. कानांवर पडलेले सारे बोललो असतो तर गावात चार घरे उभी राहिली नसती. पण वचनाचे काय? सोळाव्या-सतराव्या शतकात काही नीतिशास्त्रज्ञांनी एक पळवाट काढली होती: ओठांनी अर्धे वाक्य बोलावे, उरलेले मनात पुरे करावे, म्हणजे ऐकणारा फसतो आणि बोलणारा निर्दोष राहतो. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली ही शिकवण निषिद्ध ठरवली. वचन देणाऱ्याने मनात काय धरले यावर ते अवलंबून नसते. घेणाऱ्याला जे समजले आणि देणाऱ्याला जे समजत होते, ते वचन.

म्हणून आम्ही त्याला सांगितले, "तू शब्द मोडला आहेस. कागद नव्हता ही सबब चालणार नाही. पण असा शब्द घेणेच मुळात योग्य नव्हते. रक्ताच्या बहिणीला टाकून देण्याचे वचन प्रीतीच्या विरुद्ध आहे, ते कोणाला बांधीत नाही. तेव्हा लपू नकोस. बाबांकडे जा आणि शब्द परत मागून घे."

तो म्हणाला, "फादर, त्यांचं हृदय..."

आम्ही गप्प राहिलो. त्यानेही विषय पुढे नेला नाही. तो पत्रे दडवीत राहिला, आणि आम्ही ते जाणून राहिलो. आमचा निवाडा अचूक होता; त्याचा उपयोग कोणालाच झाला नाही.

त्याचे वडील आमच्या पॅरिश कौन्सिलचे जुने सभासद. हिशेबाला चोख, बोलायला थोडे. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर, सणाच्या तयारीची सभा संपल्यावर ते मागे रेंगाळले. खुर्च्या एकावर एक रचीत असता, आमच्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "फादर, तो तुमच्याकडे येतो. तिला पत्र लिहितो का तो?"

काय उत्तर द्यावे याची आम्हाला सहा महिने मुभा होती, आणि आम्ही तयारी केली नव्हती. 'हे तुम्ही त्यालाच विचारा' एवढे म्हटले असते तरी पुरे होते. आमच्या तोंडून निघाले: "पत्र? आम्ही तरी त्याचं एकही पत्र पाहिलेलं नाही."

शब्दशः खरे. पाहिलेले नव्हतेच, दिसणारे पत्रच नव्हते ते. वडिलांनी मान हलवली, शेवटची खुर्ची ठेवली आणि ते गेले. मागे उभे राहून आम्हाला १६७९ साल आठवले. आम्ही मुलाला जी पळवाट निषिद्ध म्हणून शिकवली होती, तीतून स्वतः किती सफाईने बाहेर पडलो होतो! फादर जेरार्ड यांच्यासमोर छळणारे अधिकारी होते. आमच्यासमोर खुर्च्या आवरणारा एक म्हातारा बाप होता. आणि त्याने तो प्रश्न रागाने विचारला होता की आशेने, हे त्याच्या आवाजावरून तेव्हाही आम्हाला कळले नव्हते. आमच्या उत्तराने आशा असलीच तर ती मोडली होती.

यानंतर जे घडले त्याला तंत्रज्ञानातील एक साधीशी गोष्ट कारण झाली. गुस्तावस सिमन्स नावाच्या गणितज्ञाने १९८३ साली या विद्येचा प्रश्न एका तुरुंगाच्या कथेत मांडला होता. दोन कैद्यांना पळण्याचा बेत आखायचा आहे. त्यांची पत्रे तुरुंगाधिकाऱ्याच्या हातून जातात आणि संशय आला तर पत्रव्यवहार बंद होणार. पुढच्या अभ्यासकांनी त्यात आणखी एका अधिकाऱ्याची भर घातली. हा संशय घेत बसत नाही. तो प्रत्येक पत्र सरसकट थोडेसे बदलूनच पुढे धाडतो. दिसणारा मजकूर शाबूत राहतो, दडलेला मरतो.

आमच्या कथेतील हा अधिकारी म्हणजे मावशीचा नवा मोबाईल. जून २०२२ मध्ये तिने तो घेतला आणि पेनड्राइव्ह घेऊन जाण्याऐवजी ती चित्रफिती फोनवरूनच धाडू लागली. फोनवरून धाडताना फीत पुन्हा उलगडते, लहान होते आणि नव्याने दाबली जाते. सारे आकडे नव्याने ढोबळ होतात. सम-विषमाची पेरणी मातीत मिळते. हीच फीत दस्तऐवज म्हणून जोडून पाठवली तर जशीच्या तशी जाते, पण हे मावशीला कोण सांगणार? तिला तर काही सांगायचेच नव्हते. सात महिने पुण्यात बहीण प्रत्येक चित्रफितीवर परवलीचा शब्द टाकीत होती आणि आत काही नव्हते. बापाच्या प्रकृतीला जपून तिने कधी फोन केला नव्हता; आता तिला वाटले की, भावानेही हात सोडला.

जानेवारी २०२३ मध्ये मावशी पुण्याहून परतली आणि स्वयंपाकघरात आईला सहज म्हणाली, "पोरगी म्हणते, भाऊ विसरला मला." मुलाच्या कानांवर ते पडले. त्याने मावशीच्या फोनवरच्या फिती तपासल्या व रात्री तो आमच्याकडे आला. या वेळी त्याने काही विचारले नाही. आमच्या समोरच्या बाकावर बसून तो रडला.

आम्ही त्याला आमची चूक सांगितली. वडिलांनी काय विचारले होते आणि आम्ही काय म्हणालो होतो, ते सारे. त्याच्या संमतीवाचून हे आम्हाला त्याच्या वडिलांकडे बोलता येणार नव्हते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रविवारी दुपारी या. त्यांनी गोळी घेतलेली असते."

रविवारी गेलो. आईने चहा ठेवला आणि ती दाराशीच उभी राहिली. आम्ही त्या गृहस्थांना म्हणालो, "सप्टेंबरमध्ये तुम्ही आम्हाला एक प्रश्न विचारला होता. आम्ही दिलेलं उत्तर खोटं नव्हतं, पण तुम्हाला फसवण्यासाठी दिलेलं होतं. आम्हाला क्षमा करा." आणि मग मुलाने राहिलेले सांगितले. त्याच्या आवाजात कंप होता, पण त्याने काही वगळले नाही.

वडील रागावतील अशी आमची तयारी होती. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि म्हणाले, "दाखव."

मुलाने लॅपटॉप आणून त्यांच्यासमोर ठेवला. मूळ फिती त्याच्या संग्रही होत्या. नव्याने दाबलेल्या नव्हत्या. त्याने ऑगस्टमधली फीत उघडली, घरच्याच कोणाच्या वाढदिवसाची. परवलीचा शब्द टाकताना बोटे दोनदा चुकली. मग पांढऱ्या पडद्यावर पत्र आले. आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो, तरी काही ओळी मुलाने मोठ्यानेच वाचल्या, कारण वडिलांचा चष्मा सापडेना. आईचा गुडघा. भरून टाकलेले शेजारचे बावखल. बाबांना रात्री येणारा खोकला. ताईच्या खिडकीसमोरचा शेवगा बाबांनी तोडून टाकला, ही बातमी.

चष्मा सापडला. वडिलांनी लॅपटॉप जवळ ओढून पत्र पहिल्यापासून स्वतः वाचले. एकदा वाचून झाल्यावर बोटाने पडदा वर सरकवून पुन्हा वाचले. दाराशी उभी असलेली आई हलली नाही.

"हे खोटं लिहिलंस तू," ते म्हणाले.

मुलगा काही बोलेना.

"शेवगा मी तोडला नाही. त्या रात्रीच्या वाऱ्याने पडला तो. तू कामावर होतास. सकाळी मी नुसते ओंडके केले." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिला ते नीट कळव."